गोव्यात काँक्रीटचं घर बांधताय? ओल आणि ऊन जोत्यापासूनच अडवा

फोंड्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आमची झोपायची खोली पश्चिमेला होती. एप्रिल-मेमध्ये रात्री आठ वाजता उशाकडच्या भिंतीला पाठ टेकवली, की नुकतीच भाकरी उतरवलेल्या तव्याला टेकल्यासारखं वाटायचं. सूर्य बुडून तास होऊन गेलेला, बाहेर वारा सुटलेला, आणि भिंत मात्र आत्ता कुठे रंगात आलेली. जुलैत तीच भिंत कपाटामागे काळी पडायची. साड्यांना वास, पुस्तकांना बुरशी.

डिचोली तालुक्यात स्वतःचं घर काढलं तेव्हा ठरवलं की ही भिंत इथे पुन्हा नको. मी शाळेत शिकवते, इंजिनिअर नाही. पण वर्ष-दीड वर्ष साइटवर उभं राहून, दोनदा चुकून आणि एकदा भांडून जे कळलं ते इथे लिहिते.

सुरुवातीलाच एक गोष्ट. आमचे भावजी टोरोंटोजवळ राहतात. घर काढलं म्हटल्यावर त्यांनी मोठ्या आपुलकीने तिकडचे व्हिडिओ पाठवले: पायाभोवती फोमच्या शीट, भिंतीच्या आतून प्लास्टिकचा कागद, जमिनीखाली इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर. तिकडे ते सगळं बरोबरच आहे. इथे त्यातलं बरंचसं उलटं करावं लागतं. इंटरनेटवर भिंतीच्या इन्सुलेशनवर जे सापडतं त्यातलं बहुतेक थंडीच्या देशांचं असतं, आणि नवशिक्या माणसाचा पहिला घोळ तिथेच होतो. थंड देशात घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आपल्याकडे बाहेरचं ऊन आणि चार महिन्यांचा पाऊस आत येऊ द्यायचा नसतो. त्यातही आधी पाणी, मग ऊन. ओल्या भिंतीवर कितीही महागडा थर चढवला तरी तो पैसा पाण्यातच जातो.

१. कोणती भिंत झाकायची ते आधी ठरवा

चारही भिंती सारख्या तापत नाहीत. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मधल्या काळात तो थोडा उत्तरेकडे असतो. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छप्पर खातं, त्याखालोखाल पूर्व आणि पश्चिम भिंती. दक्षिणेच्या भिंतीवर नोव्हेंबर ते जानेवारीत ऊन येतं, पण ते बऱ्यापैकी वरून येतं, दीड-दोन फुटांच्या छज्जाने अडतं. पश्चिमेचं ऊन संध्याकाळी तिरकं, थेट भिंतीच्या छातीवर येतं. त्याला छज्जा पुरत नाही.

सहा इंची काँक्रीटमधून उष्णता आत पोचायला साधारण चारएक तास लागतात. चार वाजता तापलेली भिंत आठला खोलीत ओकते, म्हणजे नेमकी आपण अंग टेकतो तेव्हा.

पैसे बेताचे असतील तर क्रम असा धरा: छप्पर, मग पश्चिम, मग पूर्व. उत्तर-दक्षिणेला छज्जा आणि फिका रंग पुष्कळ झाला.

आमची आजेसासू मिरगाच्या आधी घराच्या पावसाकडच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधून घ्यायची. मातीची भिंत झडीने वितळू नये म्हणून. झाप आणि भिंत यांच्यात वीतभर फट असायची, त्यातून वारा खेळायचा. आज आर्किटेक्ट याच गोष्टीचं वेगळं बिल लावतात. हे गमतीने म्हणत नाही: पश्चिमेला जागा असेल तर भिंतीपासून थोडं लांब एखादं जाळीचं किंवा वेलाचं आवरण उभं करा, निम्मं काम तिथेच होतं.

२. कागदपत्रं, आणि नकाशात जाडी दाखवणं

परवान्यांची यादी तुमचा आर्किटेक्ट देईलच: एक-चौदाचा उतारा, जमीन रूपांतराची सनद, नगर व ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा ना-हरकत दाखला, पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा बांधकाम परवाना. त्यावर मी वेगळं लिहीत नाही.

सापळा दुसरीकडे आहे. बाहेरून ४०-५० मिमीचा थर आणि वर प्लास्टर आलं की भिंत दोन-अडीच इंच बाहेर सरकते. तुमचा सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून सोडायचं अंतर, अगदी काठावर बसवलेला असेल तर ते दोन इंच भोगवटा दाखल्याच्या वेळी आडवे येऊ शकतात. म्हणून नकाशा सादर करण्याआधीच आर्किटेक्टला सांगा, की बाहेरची रेघ इन्सुलेशनसकट काढा.

ठेकेदाराबरोबरच्या करारात या गोष्टी शब्दांत लिहून घ्या, "इन्सुलेशनसह" एवढ्यावर सोडू नका:

- शीट कशाची, किती जाड, घनमीटरला किती किलो घनतेची
- जाळी चौरस मीटरला किती ग्रॅमची, चिकट मसाला आणि वरचा थर कोणत्या कंपनीचा (शक्यतो सगळं एकाच कंपनीचं)
- वाळवी-प्रतिबंधक फवारणी कोण करणार, किती टप्प्यांत, हमीपत्र कोणाच्या नावे
- प्रत्येक थर झाकण्याआधी मालकाला दाखवणं

शेवटचा मुद्दा लिहिताना आमचा ठेकेदार हसला होता. पण घराच्या कामात प्रत्येक थर पुढच्या थराखाली जातो, आणि एकदा गेला की त्याची चूक पावसातच कळते.

३. पाया आणि जोतं

भावजींचा पहिला प्रश्न होता, "पायाला इन्सुलेशन किती इंचाचं?" उत्तर: शून्य.

टोरोंटोत थंडीत जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि पाया उचलतं. म्हणून तिथे पाया चारेक फूट खाली नेतात आणि भोवती फोम लावतात. आपल्याकडे काही फुटांखालची माती वर्षभर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात दुपारी जमिनीवर चटई टाकून झोपण्याचं जे सुख आहे ते त्या मातीचं. फरशीखाली इन्सुलेशन टाकलं तर ते सुख आपणच पैसे देऊन घालवतो. शिवाय मातीत पुरलेला फोम म्हणजे वाळवीला आयता बोगदा. ती तो खात नाही, पण पोखरत वर येते, आणि फोमच्या आड दिसतही नाही.

मग जोत्यात करायचं काय? चार कामं, याच क्रमाने.

वाळवीची फवारणी. पायाचे खड्डे तयार झाले की एकदा, बाजूची माती परत भरताना एकदा, आणि जोत्यातली भर ठोकून झाल्यावर फरशीच्या काँक्रीटआधी एकदा. भारतीय मानक ६३१३ च्या दुसऱ्या भागात ही पद्धत दिलेली आहे: खड्ड्याच्या तळाला आणि जोत्याच्या भरीवर चौरस मीटरला ५ लिटर, पायालगत भरलेल्या मातीला भिंतीच्या उभ्या पृष्ठाच्या चौरस मीटरला ७.५ लिटर द्रावण. "बाई, मारलं औषध" एवढ्यावर समाधान मानू नका. डबा बघा, किती पाण्यात किती घातलं ते बघा. पाऊस पडत असताना किंवा माती चिंब असताना फवारणी करू देऊ नका. आणि विहीर जवळ असेल तर आधी ठेकेदाराला नाही, फवारणीवाल्याला नेऊन ती दाखवा. ते औषध पिण्याच्या पाण्यात उतरण्यापेक्षा त्या बाजूला फवारणी नसलेली बरी.

भर आणि प्लास्टिक. जोत्यात मुरूम सहा ते आठ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, ठोकून. वर दगडांची सोलिंग. सोलिंगच्या वर बारीक खडीचा किंवा वाळूचा हात फिरवून २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, जोडाला किमान सहा इंच एकावर एक. हात फिरवल्याशिवाय टाकलात तर दगडांची टोकं त्याला भोकं पाडतात. त्यावर चार इंच काँक्रीट. हा कागद ओल अडवतो, इन्सुलेशन नव्हे. दोन्हींत गल्लत करू नका.

ओलरोधक थर, म्हणजे डीपीसी. जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्याआधी. पुष्कळजण म्हणतात, जोत्याची तुळई काँक्रीटची आहे, मग डीपीसी कशाला? काँक्रीटसुद्धा पाणी ओढतं, फक्त चिऱ्यापेक्षा, म्हणजे जांभ्या दगडापेक्षा, सावकाश. त्यावर डांबरी लेप किंवा मेम्ब्रेन, म्हणजे पाणी न जाऊ देणारी चादर, हवंच.

आमचा घोळ इथे झाला. शाळेत परीक्षा चालू होत्या, चार वाजता साइटवर पोचले. दोन दिवसांपूर्वी घातलेल्या डीपीसीवर प्लंबरने न्हाणीघराच्या पाइपसाठी हातभर लांबीचा चर छिन्नीने फोडला होता, पाइप बसवला होता आणि उरलेल्या जागेत चिऱ्याचे तुकडे कोंबून वर मसाला थापला होता. काळा थर फाटून दोन्ही बाजूंनी वर आला होता, दुधावरची साय बोटाने सारल्यासारखा. मी विचारलं तर म्हणे, "कांय जायना टीचर, प्लास्टर येतलें मगो वयर." प्लास्टरने ते झाकलं असतं हे खरं. ओल मात्र त्याच भोकातून चढली असती. सगळं काढायला लावलं, पाइपभोवती मसाला भरून, सुकवून, पुन्हा लेप दिला. दोन दिवस गेले आणि प्लंबर महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

तेव्हा नियम करा: जोत्यातून जाणारा प्रत्येक पाइप, प्रत्येक केबल आधी ठरवायची आणि काँक्रीट ओतण्याआधीच तिथे स्लीव्ह, म्हणजे मोठ्या पाइपचा तुकडा, घालून ठेवायचा.

जोत्याची उंची आणि बाहेरचा पट्टा. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच, राष्ट्रीय बांधकाम संहितेतही ४५ सेंटीमीटर आहे. घराभोवती दोन-तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा, बाहेर उतार देऊन. पागोळ्यांचं पाणी जिथे पडतं ती रेघ त्या पट्ट्यावरच यायला हवी, नाहीतर दरवर्षी तिथे चर पडतो आणि पाणी पायाशी मुरतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी अंगणात पेव्हर घालताना किंवा बागेसाठी माती भरताना जमिनीची पातळी वर येते आणि डीपीसी गाडला जातो. मग भिंत ओली का होते म्हणून लोक रंगाच्या कंपनीला शिव्या देतात. बाहेरचं प्लास्टर डीपीसीवरून सलग जमिनीपर्यंत नेलं तरी तेच होतं: पाणी प्लास्टरच्या अंगाने डीपीसीला बगल देऊन चढतं. प्लास्टर डीपीसीपाशी तोडा, तिथे खाच ठेवा.

उताराच्या प्लॉटवर घराची एखादी भिंत अर्धी मातीत जाते. तेवढ्या एकाच ठिकाणी मातीच्या बाजूला फोम चालतो, तोही एक्सपीएस, म्हणजे ती निळी-गुलाबी घट्ट शीट, कारण ती पाणी फार कमी पिते. पण क्रम महत्त्वाचा: आधी वॉटरप्रूफिंग, मग त्याच्या संरक्षणाला शीट, मग पाणी निथळायला खडी आणि तळाशी भोकांचा पाइप. पाण्याला बाहेर जायची वाट दिली नाही तर कुठलंच वॉटरप्रूफिंग टिकत नाही.

४. भिंत कशाची?

सहा इंची सलग काँक्रीटची भिंत भक्कम, पण उष्णतेला जवळजवळ उघडं दार. काँक्रीट ब्लॉकही फार वेगळे नाहीत. एएसी ब्लॉक, म्हणजे ते पांढरे हलके ठोकळे, स्वतःच बऱ्यापैकी इन्सुलेशन देतात. आठ इंची एएसीला बाहेर वेगळा थर बहुधा लागत नाही. मात्र ते पाणी पितात, त्यामुळे पावसाकडच्या बाजूला प्लास्टर चोख हवं, आणि काँक्रीटचे खांब-तुळया उघड्या राहिल्या तर उष्णता त्यांच्यातून येतेच. चिऱ्याची नऊ इंची भिंत काँक्रीटपेक्षा बरी. पण उघडा चिरा फोटोत छान दिसतो आणि जुलैच्या झडीत स्पंजासारखा भिजतो. ठेवायचाच तर छज्जाखाली ठेवा. फोमचे पोकळ ठोकळे रचून आत काँक्रीट ओतायची एक पद्धत थंड देशांत रुळलेली आहे. आमच्या बाजूला ती करणारा मला कोणी मिळाला नाही, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

आमची रचना मिश्र: पश्चिमेची भिंत काँक्रीटची, बाकी चिरा. पुढचं सगळं त्या पश्चिमेच्या भिंतीबद्दल.

५. जाडी किती? थोडं गणित

मासळीबाजारातला थर्मोकोलचा डबा आठवा. बाहेर ऊन, आत बर्फ, मध्ये इंचभर थर्मोकोल. तेच साहित्य, फक्त बांधकामाच्या दर्जाचं.

घट्ट काँक्रीटची उष्णतावाहकता दीडच्या आसपास असते, थर्मोकोलची ०.०३५. भागाकार करा: एक इंच थर्मोकोल जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला साडेतीन फुटांहून जास्त काँक्रीट लागेल. भिंत जाड करून काही साधत नाही ते यामुळे.

पण फोम वाढवत गेलं की फायदा त्याच वेगाने वाढत नाही. यू-व्हॅल्यू म्हणजे भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता जाते ते. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या सहा इंची काँक्रीटची येते साधारण ३.३. बाहेर २५ मिमी थर लावला की १ च्या जवळ. ५० मिमी लावला की ०.६. ७५ मिमीला ०.४. पहिल्या इंचाने दोन तृतीयांशाहून जास्त काम केलं, तिसऱ्या इंचाने नावाला. थंड देशात बाहेर उणे वीस आणि आत वीस असतं, तिथे तो तिसरा इंचही वसूल होतो. आपल्याकडे आत-बाहेरचा फरकच कमी. गोव्याला २५ ते ५० मिमी पुरे. मी ५० घेतली.

भारत सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची घरांसाठी "इको निवास संहिता" २०१८ मध्ये आली. गोवा उष्ण-दमट विभागात येतो. त्या आवृत्तीत छपराच्या यू-व्हॅल्यूची मर्यादा १.२ दिली होती. लहान घराला ती संहिता लागू नसली तरी आर्किटेक्टशी बोलताना हा आकडा हाताशी असावा.

६. माल उतरवून घेताना

थर्मोकोलच्या शीटची घनता डोळ्यांना कळत नाही. पांढरी ती पांढरीच. मी मागवली होती घनमीटरला २० किलोची. टेम्पो आला, पोरं शीट उतरवू लागली, एका पोराने शीटचा गठ्ठा एका काखेत मारलेला बघून मला शंका आली. शेजारच्या दुकानातून किराण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि नमुन्याची शीट त्यावर ठेवली. मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिमी जाड: म्हणजे ०.०२५ घनमीटर. वीस किलोच्या हिशेबाने ५०० ग्रॅम भरायला हवी. भरली ३१०. म्हणजे बारा किलोचा माल, टीव्हीच्या खोक्यात घालतात तसला. टेम्पो परत पाठवला.

दुसरी परीक्षा: कोपरा मोडून बघा. चांगल्या शीटमध्ये दाणे मधून तुटतात. हलक्या शीटमध्ये साबुदाण्यासारखे सुटे होतात.

अग्निरोधक दर्जाचीच घ्या आणि कंपनीचं चाचणी प्रमाणपत्र मागा. साइटवर शीट सावलीत, ताडपत्रीखाली, आणि वेल्डिंगपासून लांब. उन्हात आठवडाभर राहिली की ती पिवळी पडून वर पीठ सुटतं. त्या पिठावर मसाला धरत नाही, आधी घासून काढावं लागतं.

हत्यारं फार नाहीत: ओळंबा, पाणसळ, दोरी, लांब सरळपट्टी, दातेरी थापी, हॅमर ड्रिल, बारीक दातांची करवत, घासायला पाटा. आणि काटा.

७. शीट लावणं

काँक्रीट ओतल्यावर घाई करू नका. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, किमान दहा दिवस पाणी मारायचं. पण पाणी मारणं संपलं म्हणजे भिंत सुकली असं नव्हे. दीड फूट चौरस प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. आतून थेंब दिसले किंवा भिंत गडद झाली तर आणखी थांबा. आम्ही तीनदा ही पट्टी लावली, तिसऱ्यांदा कोरडी निघाली.

भिंतीवरचं शटरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचं, तेल घासून धुऊन काढा. शटरिंगच्या सळयांची भोकं भरा. दोरी लावून भिंतीचा बाक बघा. सेंटिमीटरपेक्षा जास्त बाक असेल तर आधी मसाल्याने काढा, शीटने तो लपत नाही.

मग:

खालून सुरुवात. जोत्याच्या वर, बाहेरच्या काँक्रीटच्या पट्ट्यापासून निदान अर्धा फूट सोडून, ॲल्युमिनियमची आधारपट्टी पाणसळीत ठोका. तो अर्ध्या फुटाचा उघडा पट्टा वाळवी दिसण्यासाठी आहे, तो कोणालाही झाकू देऊ नका.

चिकट मसाला शीटच्या कडेने सलग फिरवा आणि मध्ये तीन-चार गोळे. नुसते गोळे लावून शीट थापायची सवय असते, ती मोडा. कड सलग नसेल तर शीटमागे हवा खेळते आणि वाळवी-मुंग्यांनाही वाट मिळते. डांबर किंवा थिनर असलेलं कुठलंही चिकटवण थर्मोकोलला लावू नका. शीट डोळ्यांदेखत विरघळते.

शीटचे सांधे विटांसारखे एकाआड एक. कोपऱ्यावर एकमेकांत गुंतवून. खिडकीच्या कोपऱ्यावर सांधा येता कामा नये: तिथे अखंड शीटला एल आकाराची खाच कापून बसवा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात तिरकी भेग जाते. सांध्यात मसाला भरायचा नाही. फट राहिली तर फोमचीच पट्टी.

दोन दिवसांनी छत्रीसारख्या डोक्याच्या प्लास्टिकच्या खुंट्या, चौरस मीटरला साधारण सहा. मग पातळ मसाल्याचा थर, त्यात फायबरची जाळी दाबून, वर पुन्हा मसाला. जाळी क्षारांना टिकणारी, १४५ ते १६० ग्रॅमची, जोडाला चार इंच एकावर एक. जाळी आधी थेट शीटवर ताणून वर मसाला मारणं ही हमखास दिसणारी चूक. जाळी मसाल्याच्या मध्ये हवी. खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर जाळीचा एक जादा तुकडा तिरका. मग वरचा थर आणि फिका रंग. गडद चॉकलेटी रंगाचा मोह सगळ्यांनाच होतो. पश्चिमेला तो करू नका.

८. खिडक्या, कड्या आणि एसीचं भोक

पावसाचं पाणी भिंतीच्या मधून क्वचित येतं, कडांनी येतं. खिडकीखालच्या पाटाला बाहेर उतार आणि खाली ठिबकायची खाच हवी. पाट नव्या जाडीच्या पुढे दीड इंच तरी यायला हवा. नकाशात इन्सुलेशन धरलं नव्हतं तर पाट आखूड पडतो, आणि पाणी बरोबर शीटच्या डोक्यावर उतरतं.

बाहेर काय काय टांगायचं त्याची यादी घरातल्या सगळ्यांना विचारून करा: एसीचं बाहेरचं यंत्र, कपडे वाळवायची दोरी, पाइपांचे क्लॅम्प, दिवा, दिवाळीचा आकाशकंदील. प्रत्येक ठिकाणी काँक्रीटपर्यंत पोचणारा लांब बोल्ट किंवा घट्ट ठोकळा आधीच बसवा. नंतर फोमवर ठोकलेला खिळा हातात येतो आणि भोकातून पाणी आत.

छताखालूनही थर देणार असाल तर माटोळीच्या, म्हणजे चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीच्या, कड्या विसरू नका. त्या स्लॅब ओतण्याआधी सळईला बांधायच्या. आमच्या सासूबाईंनी स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी आठवण केली म्हणून बरं.

९. एसी असलेली खोली

कपाटामागच्या बुरशीचं मूळ इथे आहे. पावसाळ्यात बाहेरची हवा ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल, तर ती सत्तावीस अंशांच्या आसपास थंड होताच पाणी सोडू लागते. तुम्ही खोली चोवीसवर ठेवता. ती दमट हवा जिथे कुठे थंड पृष्ठभागाला भेटेल तिथे दंव पडणार.

म्हणून आतल्या बाजूला थर्मोकोल लावून वर प्लायवूड मारायची कल्पना सोडा. काँक्रीटमधून झिरपलेली ओल त्या पोकळीत अडकते. भावजींचा आतला प्लास्टिकचा कागदही नको, तो त्यांच्याकडे घरातली दमट हवा भिंतीत शिरू नये म्हणून असतो. आपल्याकडे दमट हवा बाहेर असते, म्हणून अडवणारा थर बाहेरच्या अंगाला, आणि आतली बाजू श्वास घेणारी: साधं प्लास्टर, साधा रंग. व्हिनाइलचा वॉलपेपर बाहेरच्या भिंतीवर आतून चिकटवणं म्हणजे तोच प्लास्टिकचा कागद पैसे देऊन, फुलांच्या नक्षीसकट. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा.

१०. कधी काय

जोतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमीन वाफशावर आल्यावर. भिंती फेब्रुवारीपर्यंत. शीट मार्च-एप्रिलमध्ये, भिंत खणखणीत सुकल्यावर. पश्चिमेची बाजू सकाळी लावा, दुपारच्या उन्हात मसाला पकडण्याआधीच वाळतो. वरचा थर मेच्या मध्यापर्यंत संपवा. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण वळीव विचारून येत नाही. आमच्या दोन ओळी जाळीविना उघड्या असताना एक सर आली, त्या काढून पुन्हा लावल्या.

पहिला पावसाळा सरला की चवथीच्या धावपळीनंतर एक सकाळ काढा आणि घराभोवती फिरा. शीटवर बोटाच्या पेराने टकटक करा, पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा. खिडक्यांचे कोपरे बघा. एसीच्या पाइपचं भोक बघा, त्यातलं सीलंट बहुधा सुटलेलं असतं. शेवटी उकिडवे बसून जोत्यावरचा तो अर्धा फूट उघडा पट्टा पूर्ण फिरून बघा. आमच्याकडे न्हाणीघराच्या पाइपापाशी, बरोबर त्या चराच्या वर, करंगळीएवढी मातीची नळी चढू लागली होती. पट्टा उघडा होता म्हणून दिसली. त्याच दिवशी फवारणीवाल्याला हमीपत्र दाखवून बोलावलं.